प्रार्थनेचा रकाना

सिंधु सिस्टर पेढे घेऊन माझ्या दुकानात आल्या, तेव्हा त्यांचं पुस्तक नाकारलं गेल्याला आठ दिवस झाले होते. ही गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती आणि लोह्यातल्या त्यांच्या अख्ख्या मंडळीलाही नव्हती. उलट आदल्या रविवारी चर्चमध्ये त्या नकाराबद्दल देवाचे आभार मानून झाले होते.

नांदेडात जुन्या मोंढ्याच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. नाव गुरुलिंग, मूळचा उदगीरकडचा, पण गिऱ्हाईक आप्पाच म्हणतं. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, पीएच.डी.चे प्रबंध आणि वर्षाकाठी दोन-चार पुस्तकं, असं काम. तीस वर्षं दुसऱ्याचं लिहिलेलं टाईप करत आलोय, त्यातून एक खोड लागली. मी शब्द मोजतो. लाल पुठ्ठ्याची एक वही आहे, तीत प्रत्येक लेखकाचं एक पान. एका उमेदवाराच्या पत्रकात ‘विकास’ एक्केचाळीस वेळा आला होता, ‘पाणी’ दोनदा. एका प्राध्यापकांच्या आत्मचरित्रात ‘मी’ मोजता मोजता वहीची ओळ संपली आणि बायकोचं नाव निघालं एकदाच, तेही छायाचित्राखाली. माणूस काय सांगतो त्यापेक्षा काय किती वेळा सांगतो, त्यावरून तो लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे.

सिस्टर म्हणजे नर्स. लोह्याच्या सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नोकरी करून गेल्या साली निवृत्त झाल्या. वार्डातल्या चादरीसारखी साडी कडक, आणि आवाजही तसाच. त्यांनी आपल्या आईवर पुस्तक लिहिलं होतं. आई पारूबाई ही मिशनची बायबलबाई. उमरीपासून हिमायतनगरपर्यंतच्या गावांतून पायी फिरायचं, बायकांना गीतं शिकवायची, शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायची, हे तिचं काम. आयुष्यभर तिनं तेच केलं. पुस्तक मीच टाईप करून दिलं होतं आणि पुण्याकडच्या एका ख्रिस्ती प्रकाशनाकडे सिस्टरांनी ते पाठवलं होतं.

पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवून त्यांनी पत्र माझ्यापुढं धरलं. “आप्पा, वाचा. आन् सांगा, प्रूफं कधी काढायची?”

मी वाचलं. आपल्या मातोश्रींचं कार्य गौरवास्पद आहे. प्रभू आपल्या लेखणीला भरभरून आशीर्वाद देवो. आपल्या हातून त्याच्या नामाचा महिमा वाढो. आमचं येत्या दोन वर्षांचं नियोजन पूर्ण झालेलं आहे. आपण लिहीत राहावं. खाली सही.

पत्र मी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसला. सिस्टर सांगत होत्या, की पाळकसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या मंडळीच्या रेव्हरंड आनंदराजांनी, हे पत्र भर उपासनेत वाचून दाखवलं. मंडळीनं उभं राहून आभाराची प्रार्थना केली. जानेवारीत चर्चचा सुवर्णमहोत्सव आहे, त्यात पुस्तकाचं प्रकाशन करायचं, हेही जाहीर झालं.

“सिस्टर,” मी म्हणालो, “ह्यांनी नको म्हटलंय.”

“कुठं म्हटलंय? दाखवा बरं.”

दाखवणार काय. सबंध पत्रात नकाराचा म्हणावा असा एक शब्द नव्हता. देवाच्या माणसांनी देवाच्या माणसाला लिहिलेलं पत्र ते; लिहिणाऱ्याला नाही म्हणवलं नव्हतं आणि वाचणारीला ते दिसलं नव्हतं. मी विचारलं, टाईप केलेली पानं परत आली का सोबत. आली की, त्या म्हणाल्या, दुरुस्तीला पाठवली असतील. मग मी विचारलं, दुरुस्ती कुठं केलीय.

त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढला आणि पानं उलटायला लागल्या. दहा, वीस, पन्नास. कुठं पेनाची खूण नाही, पानाचा कोपरा दुमडलेला नाही. डॉक्टरनं केसपेपरवर काही न लिहिता नुसतं देवाचं नाव घ्या म्हटलं, की नातेवाइकांनी काय समजायचं असतं, हे सिस्टरांना मी शिकवायची गरज नव्हती. शेवटची पानं त्यांनी उलटलीच नाहीत. गठ्ठा नीट केला, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या.

“आन् आम्ही आभार मानले,” त्या हळू म्हणाल्या. “टाळ्या वाजवून.”

पेढे तसेच राहिले.

आठवड्यानं त्या पुन्हा आल्या. आता काय चुकलं ते सांगा म्हणाल्या, तोंडदेखलं नको. मला विचारायला लोक सहसा येत नाहीत. टाईप करणाऱ्याला कोण विचारतो. मी लाल वही काढली आणि त्यांचं पान वाचून दाखवलं. ‘कृपा’ दोनशे चौदा. ‘धन्य’ एकशे सहा. एकतीस प्रकरणं आणि एकतीस ‘आमेन’, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक. टाचा, चप्पल, भाकरी, पाऊस, ऊन हे सगळं मिळून नऊ.

त्या म्हणाल्या, साक्ष अशीच असते. आणि ते खरं होतं. त्यांच्या चर्चमध्ये साक्ष द्यायची एक रीत आहे. माणूस उभा राहतो, कोणतं संकट आलं ते सांगतो, प्रभूनं कसं तारलं ते सांगतो आणि आमेन म्हणून बसतो. तीन मिनिटांत सगळं नीट होतं. लहानपणापासून तेच ऐकलं, तेच केलं. पुस्तक लिहायला बसल्या तेव्हा एकतीस वेळा उभं राहून एकतीस साक्षी दिल्या, आणि त्यालाच पुस्तक म्हणाल्या.

“सिस्टर, तुमच्याकडं आमेन झाल्यावर लोक काय करतात?”

“काय करतात? उठतात. चपला शोधतात.”

“मग तुम्ही वाचणाऱ्याला एकतीस वेळा चपला शोधायला पाठवलंय.”

यावर त्या रागावतील असं वाटलं होतं, पण हसल्या. हसता हसता थांबल्याही. तेवढ्यात मी दुसरी गोष्ट काढली, जी टाईप करतानाच खटकली होती. पुस्तकात साल-महिन्यांची नोंद पक्की होती, कोणत्या गावी कधी गेली, सगळं. पण शहात्तरच्या मार्चपासून सत्याहत्तरच्या फेब्रुवारीपर्यंत काहीच नव्हतं. एका प्रकरणात होळी संपते आणि पुढचं उघडतं ते एकदम पुढच्या सालच्या उन्हाळ्यात.

“त्या साली काही विशेष न्हवतं,” सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी उचलली. विशेष नसलेल्या सालाबद्दल कुणी इतक्या झटकन उत्तर देत नाही. मी वहीत तेवढं लिहून ठेवलं.

मधल्या काळात पाळकसाहेब येऊन गेले. भला माणूस, सगळ्यांची लग्नं लावून आणि सगळ्यांना माती देऊन खांद्यात वाकलेला. सिस्टरांनी त्यांना खरं सांगितलं होतं. त्यांचा तोडगा सोपा होता. मंडळीच्या खर्चानं पुस्तक माझ्याकडंच छापायचं, महोत्सवात प्रकाशित करायचं, पुण्याचं नाव काढायचंच नाही. लोक छापलेलं पुस्तक बघतात, कुणी छापलं ते कोण बघतो. माझं दुकान त्या कामावर दोन महिने निवांत चाललं असतं, हे मी लपवत नाही. सिस्टरांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याच सुमारास लातूरला ख्रिस्ती लेखकांचा मेळावा भरणार होता आणि ज्या प्रकाशनाचं ते आशीर्वादाचं पत्र, तिथल्याच संपादक बाई येणार होत्या. आधी तिथं जाऊन येऊ, मग ठरवू, असं ठरलं. सोबतीला मी. लातूर माझी सासुरवाडी, तेवढंच निमित्त.

नांदेडहून मी निघालो, लोह्याला सिस्टर गाडीत चढल्या. मांडीवर गठ्ठा, त्यावर दोन्ही हात. सलाईनची बाटली धरावी तसा.

मेळाव्याला चर्चच्या हॉलमध्ये चाळीसेक जण होते. माझ्या हिशेबानं त्यांतले सदतीस बोलायला आले होते आणि तीन ऐकायला. एका निवृत्त गुरुजींच्या सातशे कविता तयार होत्या. एकानं मलपृष्ठासाठी फोटो काढून आणला होता, पुस्तक पुढच्या साली लिहिणार होता. बिशपसाहेबांची प्रस्तावना असली तर लवकर छापतात का, हा प्रश्न चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला. आमदारांचा शुभेच्छा संदेश आधी घ्यावा की नंतर, हेही एकानं विचारून घेतलं.

संपादक बाईंचं नाव वर्षाराणी. चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या, समोर पाण्याचा तांब्या आणि हातात एक कागद, त्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं, की नकाराच्या पत्रातलं आशीर्वादाचं वाक्य कॉम्प्युटरमध्ये साठवलेलं आहे, सगळ्यांना तेच जातं. हॉलमध्ये बरेच चेहरे पडले. म्हणजे आभार मानणारी लोह्याचीच मंडळी एकटी नव्हती, एवढं मला समाधान मिळालं.

मग त्या बराच वेळ बोलल्या. मी आधी पहिलं पान वाचते, मग शेवटचं. दोन्हींत माणूस दिसला तर मधलं. प्रस्तावनेच्या पत्रांचा गठ्ठा पाठवू नका, आम्ही तो बाजूला काढून ठेवतो. कुणाकडं पाठवताय ते काय छापतात, हे आधी दोन पुस्तकं वाचून बघा. तुमचं लिखाण अशा माणसाला वाचायला द्या, जो तुमच्याबरोबर प्रार्थनेला बसत नाही. त्याला कुठं कंटाळा येतो ते विचारा. इथं सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. नकार आला तर दोन दिवस रडून घ्या, बाई म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवसाचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगू. येशू तिसऱ्याच दिवशी कबरेतून उठलेला, त्यामुळं हशा झाला. पण तो ओसरल्यावर त्यांनी जे सांगितलं ते हळू सांगितलं, आणि वहीत मी ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं.

“देवाची बाजू सांभाळत लिहू नका. त्याला तुमच्या वकिलीची गरज नाही. जे झालं ते लिहा, आणि जे झालं नाही तेही.”

जेवणाच्या सुट्टीत सिस्टर त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझं पुस्तक तुम्हीच परत पाठवलं. पारूबाई, उमरीकडच्या. बाईंनी हातातली पोळी ताटात ठेवली आणि आठवायला लागल्या.

“टाचा,” त्या म्हणाल्या. “चालून टाचा फुटायच्या आणि त्या भेगांत मेण भरायच्या. त्याच ना? ते वाक्य लक्षात राहिलंय. बाकी सगळीकडं त्या संत होत्या, सिस्टर, आणि संतांची पुस्तकं आमच्याकडं कपाटभर आहेत.” मग विचारलं, “त्यांना काय जमलं नाही कधी?”

सिस्टर गठ्ठा परत पिशवीत घालायला लागल्या. जमलं तर तीस पानं नव्यानं लिहून थेट माझ्या नावानं पाठवा, बाई म्हणाल्या आणि पत्ता लिहून दिला.

परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. बाहेर सोयाबीन काढून झालेली काळी रानं, बाकी काही नाही. अहमदपूर सोडल्यावर बोलायला लागल्या आणि लोह्यापर्यंत बोलत राहिल्या. माझ्याकडं न बघता, केस सांगितल्यासारखं.

त्यांना धाकटा भाऊ होता, सुमंत, चार वर्षांचा. शहात्तरच्या मार्चमध्ये त्याला ताप आला. आई तेव्हा हिमायतनगरकडच्या एका गावी गेली होती. तिथल्या एका लेकराला असाच ताप होता आणि त्याच्या आईनं पारूबाईला सोडलं नाही. तीन दिवस ही त्याच्या उशाशी बसली, प्रार्थना केली, ते लेकरू उठून बसलं. चौथ्या दिवशी घरी आली, तर सुमंतला आदल्या दिवशीच माती दिलेली.

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय. आठ दिवसांनी पुन्हा पिशवी घेऊन निघाली. काम सोडलं न्हाई. फकस्त प्रार्थना बंद केली.” लोह्याच्या स्टँडवर गाडी वळली, तेव्हा उठता उठता त्या म्हणाल्या, “हे कसं लिहू, आप्पा. बायबलबाई आन् प्रार्थना करत न्हाई.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी आईचं रजिस्टर आणून माझ्या टेबलावर ठेवलं. बायबलबायांना मिशनला महिन्याचा अहवाल द्यावा लागायचा, त्यासाठीचं ते. आडवं, कापडी पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेले. रकाने पारूबाईनं स्वतः पट्टीनं आखलेले: तारीख, गाव, घरं, ऐकणारे, गीतं, प्रार्थना. मी आजवर पुष्कळ रजिस्टरं पाहिली आहेत. शिकायला तिला चौथीपर्यंतच मिळालं होतं, पण एक आकडा खोडलेला नव्हता.

मार्चनंतरची पानं मी उघडली. घरं चार, ऐकणारे अकरा, गीतं शून्य, प्रार्थना शून्य. घरं सहा, ऐकणारे नऊ, शून्य, शून्य. एप्रिल, मे, जून. भर पावसाळ्यात घरं तीन, ऐकणारी एक, शून्य, शून्य. गीतं ऑगस्टमध्ये हळूहळू परत आली. आधी एक, मग दोन. प्रार्थनेच्या रकान्यात मात्र खाली खाली शून्यंच, प्रत्येक गोल, निवांत काढलेलं. कुणी तपासायला गावोगाव जाणार नव्हतं. चार लिहिलं असतं, तर चार झाल्या असत्या. अकरा महिने ही बाई दर महिन्याला आपलं शून्य आपल्या हातानं भरून मिशनच्या साहेबाच्या हाती देत होती. साहेबानंही खाली नुसती सही केली होती, शेरा नाही.

मग फेब्रुवारीतली एक ओळ. गावाच्या रकान्यात नुसती रेघ. घरं शून्य. ऐकणारे शून्य. गीतं शून्य. प्रार्थना एक.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. माझ्या लाल वहीत एवढा खरा आकडा एकही नव्हता.

“ही कुठली?” मी विचारलं.

“म्हाईत न्हाई. गावाच्या मधी, वाटंवर असंल. आईनं कधी सांगितलं न्हाई, मी कधी विचारलं न्हाई.”

पंधरा दिवसांत त्या तीस पानं लिहून घेऊन आल्या. मी टाईप करता करता वाचत होतो आणि बोटं अडखळत होती, इतकं ते चांगलं होतं. आईची ती गप्प पावलं, सुमंतची पितळी वाटी फळीवर तशीच पालथी, रोज सकाळी ती उचलून पुसून पुन्हा पालथी ठेवणं. शेवटाला मात्र फेब्रुवारीतली ती दुपार आली आणि तिथं एक चिंचेचं झाड आलं, आकाशातून उजेड आला, कानात वाणी आली, आणि आमेनही आलं.

“तुम्ही होता तिथं?” मी विचारलं.

“न्हाई.”

“मग हे झाड कुणी लावलं?”

त्यांनी माझ्याकडं रागानं पाहिलं. मग माझ्या टेबलावरचं पेन घेतलं आणि झाड, उजेड, वाणी, सगळं आडवं खोडलं. त्या जागी एवढंच लिहिलं: त्या दिवशी कुठं, कशासाठी, ते मला माहीत नाही. रजिस्टरात एक आहे. आमेनवर पेन थांबलं जरासं. मग तेही गेलं.

पाळकसाहेबांनी ती पानं वाचली आणि दुकानात आले. चिडले नव्हते, दुखावले होते. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. मंडळीत अशी माणसं आहेत, की ज्यांच्या घरी आज आजारी लेकरू आहे; ती एका प्रार्थनेच्या आधारावर रात्र काढतात. त्यांच्या हातात हे शून्य द्यायचं का? कमकुवत विश्वासाच्या माणसाला याची ठेच लागेल. एवढं एक प्रकरण काढा, ते म्हणाले, उद्यापासून छपाई सुरू करू. नाहीतर महोत्सवात मी लोकांना काय सांगू. पत्र तर मीच वाचून दाखवलं होतं.

सिस्टरांनी विचारलं, येत्या रविवारी साक्ष देता येईल का. पाळकसाहेबांना बरं वाटलं. हो म्हणाले.

त्या रविवारी मी लोह्याला गेलो. चपला बाहेर ठेवून मागच्या सतरंजीवर बसलो. सत्तरेक माणसं असतील. सिस्टर उभ्या राहिल्या, हातात रजिस्टर.

“पुण्याचं पत्र आलं होतं, त्याबद्दल आपण आभार मानले,” त्या म्हणाल्या. “तो नकार होता. मला कळला न्हाई, तुम्हाला कळला न्हाई. पुस्तक त्यांनी परत पाठवलंय. महोत्सवात माझं पुस्तक येणार न्हाई.”

कुणी तरी खाकरलं. पाळकसाहेब जमिनीकडं बघत होते. मग सिस्टरांनी सुमंतचं सांगितलं, जसं मला गाडीत सांगितलं होतं तसंच, आणि रजिस्टर उघडून एकेक महिना वाचला. घरं, ऐकणारे, गीतं, प्रार्थना. शून्य म्हणताना आवाज खाली गेला नाही. शेवटी ती फेब्रुवारीची ओळ वाचली, रजिस्टर मिटलं आणि खाली बसल्या. आमेन म्हणाल्या नाहीत.

कुणीही उठलं नाही. उठायचं कधी, तेच कुणाला कळेना. चपलांकडं एकाची नजर गेली नाही. मी बघत होतो.

मग पुढच्या बाजूनं गुरम्मा बोलल्या. देगलूरकडून लग्न होऊन आलेल्या, ऐंशीच्या पुढच्या, बोलण्यात अजून कानडी हेल. बसल्या जागेवरूनच बोलल्या.

“माझा मालक गेला त्या साली पारूबाई माझ्या घरी आली की. तीन रोज बसली. ज्वारी निसली, पाणी भरलं, एक शब्द बोलली न्हाई. दुसऱ्या बाया येऊन पुष्कळ बोलून गेल्या, त्यांचं काही ध्यानात न्हाई. मला वाटायचं, ही मनातल्या मनात करून राहिली प्रार्थना.” मग त्या म्हणाल्या, “न्हाई करत होती, म्हणून एवढं बरं वाटलं का काय, कुणाला ठाऊक.”

शेवटी पाळकसाहेबांनी एक गीत सांगितलं आणि स्वतःच बेसूर सुरू केलं. बाहेर पडताना दोघी-तिघी सिस्टरांशी न बोलता निघून गेल्या. एकीनं विचारलं, ते रजिस्टर एकदा हातात घेऊ का.

महोत्सव पुस्तकाशिवाय झाला. माझ्याकडं फक्त त्याच्या पत्रिका छापल्या. सिस्टरांनी ती तीस पानं वर्षाराणी बाईंच्या नावानं पाठवली आणि रजिस्टरातल्या फेब्रुवारीच्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली. पोचली का ते विचारायला एकदा फोन केला, तेव्हा त्यांना गुरम्मांचंही सांगितलं. मग तीन महिने काही नाही. मधूनमधून त्या दुकानात येऊन बसायच्या, काम नसतानाही. पत्राचं विचारायच्या नाहीत आणि मीही नाही. एकदा नुसतं म्हणाल्या, आईनं अकरा महिने काढले.

पत्र आलं ते एप्रिलच्या उन्हात. सिस्टर भर दुपारी लोह्याहून आल्या आणि पाकीट माझ्यापुढं टाकलं.

“आशीर्वाद न्हाई ह्यात,” त्या म्हणाल्या. “एक ओळसुद्धा न्हाई. शेवटी नुसतं नाव.”

खरंच नव्हता. पत्र पाऊण पानाचं. जुन्या पुस्तकातली पहिली नऊ प्रकरणं काढावीत. पुस्तक रजिस्टरापासून सुरू व्हावं. पितळी वाटी दोनदा येते, एकदाच यावी. गुरम्मांचं बोलणं तुम्ही फोनवर सांगितलंत, ते कुठं आहे? बाकी सगळं या तीस पानांच्या चालीनं नव्यानं लिहावं, टाचा ठेवाव्यात. दिवाळीपर्यंत आलं तर मी समितीपुढं मांडीन. समिती काय म्हणेल ते मला आज सांगता येणार नाही. वर्षाराणी.

“पानं परत आलीत का सोबत?” मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढून दिला. मी तो उघडून त्यांच्याकडंच फिरवला. पहिल्या पानावर तांबड्या पेनाच्या सात खुणा. दुसऱ्यावर अकरा. समासात बाण, प्रश्नचिन्हं, एके ठिकाणी ‘का?’, एके ठिकाणी अख्खा परिच्छेद गोलात. एकही पान कोरं नव्हतं.

सिस्टर बघत राहिल्या. बत्तीस वर्षं केसपेपर वाचलेली बाई ती. कोणत्या पेशंटवर डॉक्टर एवढं लिहितो, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि चष्मा लावला.

“पेढे?” मी म्हणालो.

“छापून आल्यावर. तवर मंडळीला काही सांगायचं न्हाई, आप्पा. आभार मानतील.”

मग माझ्याकडं ठेवलेला जुन्या पुस्तकाचा गठ्ठा मागून घेतला, ठेवायच्या प्रकरणांतलं पहिलं काढलं आणि ‘कृपा’ खोडायला सुरुवात केली. मी लाल वहीत त्यांच्या नावाचं नवं पान काढून मोजत बसलो. अर्ध्या तासात तेवीस गेल्या. चोविसाव्या ठिकाणी पेन थांबलं. मला वाटलं हात दुखला. वाकून पाहिलं, तर आईच्या तोंडचं वाक्य होतं. सत्याहत्तरच्या उन्हाळ्यातलं, पहिला पाऊस पडल्यावर दारात उभी राहून म्हटलेलं.

“ही राहू द्या,” सिस्टर म्हणाल्या. “ही तिची हाय.”

मी वहीत लिहिलं: कृपा, एक.